बाई जिथे थांबायच्या

४ जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि. त्यातला नमस्कार मनापासून आहे; विशेष असं फारसं नाही.

आज सहाला उठलो. दूध तापवलं, ते उतू गेलं, ओटा पुसला. दहाला शाळेत गेलो, दोनला परत आलो. जेवलो. संध्याकाळी कपडे इस्त्रीला दिले. एवढाच दिवस. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की भावोजी, तुमचं पत्र म्हणजे तार असते, जरा पसरून लिहीत जा. म्हणून उतू गेलेलं दूधही घातलं आहे.

शाळेचंही पसरून सांगतो. ही गेल्याला आता पाच महिने होतील. तेव्हापासून मी दर मंगळवारी हिच्या शाळेत जातो, ते काही समाजसेवा म्हणून नव्हे. मोठ्या बाई घरी भेटायला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या की वाचनवर्गाचे टॅब सांभाळायला कुणी नाही, तुम्ही याल का. नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं. मी मान हलवली. मान कोणत्या दिशेने हलली ते मोठ्या बाईंनीच ठरवलं.

काम सोपं आहे. टॅब चार्ज करायचे, काचा पुसायच्या, हेडफोनच्या वायरींचा गुंता सोडवायचा. वाचनात मागे पडलेली मुलं त्या वर्गात बसतात. टॅबवर गोष्ट दिसते, हेडफोनमध्ये हिचा आवाज ती वाचतो आणि वाचला जाणारा शब्द पिवळा होतो. मग मूल तीच गोष्ट वाचतं, टॅब ऐकतो, हिच्या वाचनाशी ताडून बघतो आणि तारे देतो. टॅबसोबत आलेला मूळ आवाज हिला पसंत नव्हता. तो गोष्ट सांगत नाही, गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतो, असं ही म्हणायची. म्हणून हिने सगळ्या गोष्टी घरी बसून स्वतः वाचून दिल्या. खिडकी लावणं, पंखा बंद करणं आणि गप्प बसणं ही कामं माझ्याकडे होती. तिसऱ्या कामाला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता.

तर आज मंगळवार नसताना बोलावणं आलं. यंदा नव्या बाई आल्या आहेत. त्यांनी सहज म्हणून टॅब बाजूला ठेवून मुलांना कागदावरचा उतारा वाचायला दिला. शब्द एकही चुकला नाही. पण चार-पाच शब्द झाले की मूल थांबतं. तिथे विराम असो नसो. खांदे वर जातात, एक श्वास घेतला जातो, मग गाडी पुढे. एकजात सगळी मुलं तशीच. नव्या बाईंना वाटलं टॅबमध्ये बिघाड आहे, आवाज अडकत असणार. मोठ्या बाईंनी माझी ओळख आपले तांत्रिक सल्लागार अशी करून दिली. ताई, मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात बसून नकाशे काढले. टॅबमधलं मला इतकंच कळतं की चार्जरचं टोक एकाच बाजूने बसतं. तरी चेहरा गंभीर ठेवून मी सगळे चार्जर काढले आणि पुन्हा लावले, हेडफोन उलटसुलट करून पाहिले, एका टॅबची पाठ थोपटली. मग बघावं लागेल, असं म्हणालो. सल्लागार असंच म्हणतात.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, हेही खरं. ऑगस्टअखेर वाचनाची तोंडी परीक्षा आहे. जे मूल सलग वाचेल ते आपल्या वयाच्या वर्गात जाईल. जे अडखळेल ते आणखी एक वर्ष मागेच बसेल. मुलांना वाचता येतं आणि तरी ती नापास होणार, अशी ही अवस्था.

तुमचा गुडघा कसा आहे? लोभ आहेच. वाढवायला जागा उरली असेल तर वाढवावा.

आपला,
मुका मेहुणा

९ जुलै

प्रिय भावोजी,
नमस्कार पोचला, त्याच्या बदल्यात अनेक आशीर्वाद.

दोन पानी पत्र! मी शेजारणीला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, जावईबापू बोलायला लागले वाटतं. मी म्हटलं, बोलायला नाही, सांडायला लागलेत. आधी दूध, आता शाई.

दूध उतू जातं कारण तुम्ही त्याच्याजवळ उभे राहता आणि बघता दुसरीकडे. माझी धाकटी बहीण सांगायची की ह्यांना दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं की हे खिडकीवर ठेवतात. गुडघा आहे तिथेच आहे. फोन घ्या म्हणून पुन्हा लिहू नका. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लायनी जोडण्यात गेला, आता माझ्या कानांना मी पेन्शनीत काढलं आहे.

पण त्या कानांनी शिकवलेलं एक सांगते. आमच्याकडे नवी मुलगी कामाला लागली की तिला पहिल्या दिवशी बजावायचे, लाईनवर खरखर आली तर वायरीला हात घालू नकोस, आधी ऐक. तुम्ही चार्जर पाहिलेत, वायरी पाहिल्यात, हेडफोन उलटे केलेत, टॅबची पाठ थोपटलीत. तो हेडफोन कानाला लावलात का? नसणार. सगळी मुलं एकाच तऱ्हेने अडखळतात म्हणजे सगळ्यांना कुणीतरी एकाच माणसाने तसं शिकवलं आहे. आणि त्यांना शिकवणारं माणूस एकच होतं.

का लावला नसेल, ते मला कळतं, भावोजी. तिने विणलेला स्वेटर मीही अजून पेटीतून काढलेला नाही. पण पोरांचं वर्ष आहे. कान लावा.

आणि चहा-बिस्किटांना जेवण म्हणायचं बंद करा. माया आहे, पण पत्र आखडलंत तर तीही आखडेन.

तुमची,
ताई

१४ जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं बरोबर निघालं. ते नेहमीच निघतं, आता सवय झाली आहे.

शाळेत एक अडगळीची खोली आहे, तिथे फुटक्या बाकावर बसून ऐकलं. उन्हाळ्यात वाचलेल्या गोष्टी छान आहेत. थंडीत वाचलेल्या गोष्टींत ही चार-पाच शब्दांनी थांबते, श्वास घेते आणि पुढे जाते. तो श्वास माझ्या ओळखीचा आहे. तेव्हा डॉक्टरांनी बोलणं कमी करा असं सांगितलं होतं. मीही सांगितलं, तेसुद्धा कागदावर लिहून. त्यावर ही म्हणाली होती की तुम्ही बोलत नाही, म्हणून या घरात दोघांच्या वाट्याचं मीच बोलत आले. आता थोडं मुलांच्या वाट्याचं बोलू द्या. मी खिडकी लावली आणि पंखा बंद केला.

टॅबला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी हिचं वाचन म्हणजे नमुना. जे मूल हिच्या जागी थांबलं त्याला सगळे तारे. जे सलग वाचत गेलं त्याचे तारे कमी. म्हणून मुलं थांबायला शिकली, आणि चांगलीच शिकली. आम्ही ताऱ्यांचे तक्ते भिंतीवर लावत होतो. तक्ते मी काढले होते, नकाशासारखे रंगवून, खाली खुणांची सूचीसुद्धा. त्यांचं फार कौतुक झालं.

मोठ्या बाईंचं म्हणणं, गाडीची सूचना देणारा मूळ आवाज परत चालू करावा. नव्या बाईंचं म्हणणं, रेकॉर्डिंगमधले श्वास कापून टाकणारं सॉफ्टवेअर मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे. मला हे बरं वाटलं. घरी करून पाहिलं. दोन मिनिटांच्या कामाला अख्खी सकाळ गेली. पहिल्या खेपेला काहीतरी उलटं झालं आणि शब्द सगळे कापले जाऊन नुसते श्वास उरले. ते मी शेवटपर्यंत ऐकलं. कशासाठी ते सांगता येणार नाही.

मग नीट केलं. आता श्वास नाहीत. पण ही नळ सोडल्यासारखी बोलते. 'अस्वलाने छत्री उघडली आणि तिच्यात झोपलेली खार टुणकन खाली पडली' हे वाक्य ही अशी वाचते की खार पडते की अस्वल तेच समजू नये. ऐकून झालं आणि मी चहा केला.

तुमचं मत कळवा. तोवर मोठ्या बाईंसमोर मान हलवून वेळ काढतो. तुमच्या आशीर्वादाचा लोभी,

मेहुणा

१८ जुलै

भावोजी,
आशीर्वाद शेवटी देईन. आधी रागावू द्या.

माझ्या बहिणीचा एकही श्वास कापायचा नाही. तिच्याजवळ फार नव्हते, आणि जे होते ते तिने त्या पोरांवर उधळले. ते आता खरकटं काढावं तसे काढून टाकणार? कोण त्या नव्या बाई? त्यांना म्हणावं, दोन मिनिटांची कामं आपल्या घरी करा.

तुम्ही इतकी वर्षं नकाशे काढलेत, डोंगर असला तर त्याला वळसा घालून नळ नेलात. इथे वळसा सुचत नाही? काहीही करा, पण कात्रीला हात लावलात तर मी या गुडघ्यासकट तिथे येऊन उभी राहीन, आणि मग तुम्हाला रोज बोलावं लागेल.

हे घ्या आशीर्वाद.

ताई

२३ जुलै

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही खरंच येणार असाल तर मी कात्रीला हात लावायला तयार आहे. एरवी कात्री खणात आहे. कापलेलं रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. शाळेत सगळं जसं होतं तसंच आहे, म्हणजे वाईट आहे.

एक मुलगी आहे, तिच्याबद्दल सांगतो. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. मी तिला मनातल्या मनात फौजदार म्हणतो. मंगळवारी माझ्या हातून काच पुसायची राहिली की ती बोट दाखवते, बोलत नाही. मागच्या वर्षी ही मुलगी पुस्तक उघडलं की बाकाखाली जाऊन बसायची. हिने तिला बाहेर ओढलं नाही. टॅब आणि हेडफोन बाकाखालीच नेऊन दिले आणि स्वतःही जवळ फरशीवर बसली. मला आठवतं, कारण त्या दिवशी साडीला लागलेला खडू जात नाही म्हणून घरी बरंच बोलणं झालं होतं. म्हणजे हिचं.

आता फौजदार बाकावर बसते आणि सगळ्या गोष्टी घडाघडा वाचते. घडाघडा आणि थांबत. परवा मी तिला विचारलं की इथे का थांबतेस. अडाणी माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की बाई इथे थांबतात, ते गोष्टीतच आहे.

तिची धाकटी बहीण पुढच्या वर्षी वरच्या वर्गात येते. फौजदार नापास झाली तर दोघी एका बाकावर येतील, हे कुणीतरी तिला सांगितलं आहे. तसं झालं तर ती शाळेत पाऊल ठेवणार नाही म्हणते. नव्या बाई हे सांगताना हसत होत्या, पण मधेच हसायच्या थांबल्या.

मी आग्रह करत नाही. मला तो जमतही नाही, पूर्वी पाहुणे आपल्या घरून उपाशी जायचे ते त्यामुळेच. सोबत एक छोटा प्लेअर पाठवतो. थंडीतल्या गोष्टी त्यात आहेत. हा फोन नव्हे, त्यामुळे तुमचा नियम मोडत नाही. हिरवी कळ दाबली की सुरू होतो. लाल कळ कशासाठी आहे ते तांत्रिक सल्लागारांना माहीत नाही.

तुम्ही सांगाल तसं करीन. माझ्यावरची माया रागासकट चालू ठेवावी.

मेहुणा

१ ऑगस्ट

प्रिय भावोजी,
अनेक आशीर्वाद, आणि मागच्या वेळचे कमी पडले असतील तर तेही यात धरा.

ते डबडं पोचलं. दोन दिवस फळीवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी हिरवी कळ दाबली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जे व्हायचं ते झालं, ते सोडून द्या.

दुसऱ्यांदा ऐकलं ते एक्स्चेंजच्या कानांनी. तेव्हा वेगळंच ऐकू आलं. भावोजी, ती जिथे थांबते तिथे तिला थांबायचं नाही आहे. श्वास सापडला की ती मागचा शब्द हळूच परत उचलते आणि वाक्य जोडून पुढे न्यायला बघते. छत्री, श्वास, छत्री उघडली. दर वेळी. ती सलगच वाचायला शिकवत होती. तेवढं तिला झेपत नव्हतं, इतकंच.

आणि इथे मी बहिणीचे श्वास म्हणून पदर खोचून भांडत बसले. आपल्या वाचनामुळे मुलं नापास होणार हे तिच्या कानावर गेलं असतं तर तिने स्वतः ती रेकॉर्डिंगं काढून फेकली असती. वर आपल्यालाच दटावलं असतं, की तुम्ही दोघं एवढी घोडी झालात आणि पत्रं काय लिहीत बसलात.

तेव्हा कापू नका. काढून टाका. थंडीतल्या अख्ख्या गोष्टी टॅबमधून काढा. तुकडे केलेली ती मला नको. अख्खी माझ्याजवळ या डबड्यात आहे.

आणि त्या जागी स्टेशनवरचा बाबा नको. तुम्ही वाचा. हो, तुम्हीच. इकडेतिकडे बघू नका, घरात दुसरं कोणी नाही. ओठ हलवा, ते त्यासाठीच असतात. वाक्याच्या आधी श्वास घ्या, मधे नको. आणि शेवटचा शब्द गिळू नका. इतके शब्द आयुष्यभर गिळलेत, तरी तुमचं पोट कसं दिसत नाही याचं मला नवल आहे.

वाट बघते.

ताई

९ ऑगस्ट

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे वाचलं. त्याची हकिगत अशी.

बाहेर रस्ता खणत आहेत, म्हणून कपड्यांच्या कपाटात बसलो. दोन गोधड्या, माझा जुना कोट आणि मी. अस्वलाची गोष्ट ओठ हलवून वाचली, एकदा कोटाची बाही तोंडात गेली. मग टॅबला ऐकवली. टॅबने सांगितलं की आवाज ऐकू आला नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी जवळजवळ ओरडलो. तेव्हा टॅबला ऐकू आलं आणि त्याने माझी पातळी पहिलीच्या खालची ठरवली. एक तारा दिला, तो हजेरीचा असावा. अधिक सरावाने नक्की जमेल, असा धीरही दिला. ही असती तर हा निकाल चौकटीत लावून ठेवला असता.

दिवस थोडे म्हणून तेच रेकॉर्डिंग मंगळवारी वर्गाला दिलं. थोड्याच वेळात एकामागून एक हेडफोन उतरले. फौजदार उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली की काका, अस्वल असं बोलत नाही. मी विचारलं, मग कसं बोलतं. तिने कंबरेवर हात ठेवले आणि ते छत्रीचं वाक्य अस्वलाच्या आवाजात, रागाने, एका दमात वाचून दाखवलं. मधे कुठे थांबली नाही. माणूस चिडला की थांबत नाही, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

मला खरोखर वाटलं की मला नीट कळलेलं नाही. म्हणून मी परत वाचलं. परत चुकलं. मग दुसरा मुलगा आला, मग तिसरी. प्रत्येकाने मला अख्खं वाक्य ऐकवलं, बहिऱ्याला ऐकवावं तसं, खणखणीत, सलग. नव्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खूण केली की चालू द्या. म्हणजे असंच वाईट वाचत राहा. ताई, प्रयत्न न करता एखादं काम उत्तम जमण्याची माझी ही पहिलीच वेळ.

आता दर मंगळवारचा हाच परिपाठ ठरला आहे. मी वाचतो, मुलं चूक पकडतात, ज्याने पकडली त्याने वाक्य एका दमात वाचून दाखवायचं. टॅब नुसता ऐकतो आणि शब्द चुकला तर सांगतो. वाचन नमुन्याशी ताडून बघायचं नाही अशी सोय टॅबमध्ये पहिल्यापासूनच होती, ती नव्या बाईंना परवा सापडली. तांत्रिक सल्लागारांनी तिकडे पाहिलं नव्हतं. नव्या बाई चांगल्या आहेत, तुम्ही त्यांच्यावरचा राग सोडा.

एक राहिलं. मुलांनी मला ऐकवलेल्या त्या अस्वलाचा आवाज हिचा होता. श्वास नव्हते, पण घोगरेपणा, 'छत्री' म्हणताना लांबवलेला 'त्री', सगळं हिचं. मी चष्मा पुसला. त्यावर एकाने सुचवलं की काकांना दिसत नाही म्हणून चुकतं.

लोभाची नवी मागणी नाही, आहे तो पुरवून वापरतो.

मेहुणा

१३ ऑगस्ट

प्रिय भावोजी,
आशीर्वाद.

वाईट वाचण्यात तुम्ही नाव काढाल, यात मला कधीच शंका नव्हती. परीक्षा होईपर्यंत कृपा करून सुधारू नका. शेजारणीला सगळं वाचून दाखवलं. कपाटाशी आल्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. नव्या बाईंवरचा राग सोडला, पण हळूहळू सोडला आहे.

पण भावोजी, पत्रातसुद्धा तुम्ही एक वाक्य गिळलंत. थंडीतल्या गोष्टी टॅबमधून काढल्यात का? तुमच्या मंगळवारी पोरं तुम्हाला ओरडतात, ते ठीक. बाकीचे दिवस हेडफोन लावून तीच ऐकत असतील तर तिकडे पुन्हा तोच श्वास शिकतील. मी घाई करत नाही. मलाही कुणी ते काढायला सांगितलं असतं तर मी दोन दिवस फळीकडे पाठ केली असती. पण तिसऱ्या दिवशी वळले असते.

तुमची,
ताई

२९ ऑगस्ट

ती. ताईंना,
सा. न. वि. वि. या खेपेला विशेषही आहे.

आज सहाला उठलो. दूध नीट तापलं. नऊला शाळेत गेलो. परीक्षा होती. बाहेरून एक परीक्षक आले होते, सौम्य, हळू बोलणारे गृहस्थ. मला ते पाहताक्षणी आवडले. मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, आतलं ऐकू येत होतं.

फौजदार तिसरी गेली. परीक्षकांनी तिला काहीतरी विचारलं. तिने मला सांगते तसंच त्यांनाही सांगितलं की साहेब, शेवटचा शब्द गिळू नका, परत म्हणा. मोठ्या बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मी कल्पना करू शकलो. परीक्षकांनी घसा साफ केला आणि परत विचारलं, मोठ्याने. मग तिने उतारा वाचला. पूर्णविरामाला थांबली, स्वल्पविरामाला जरा कमी थांबली, बाकी कुठेही नाही. ती पास झाली. इतरही झाली. दोघं राहिली. ती भीतीने गप्पच बसली, त्यांची परीक्षा महिनाभराने पुन्हा घेणार आहेत. त्यांच्याबरोबर कसं बसायचं याचा तुम्हाला अनुभव आहे, असं मोठ्या बाई मला म्हणाल्या. त्यामुळे आता मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही दिवस जायचं आहे. या वेळी मान नक्की वरखाली हलली, मी स्वतः लक्ष ठेवलं होतं.

तुम्ही विचारलेलं राहिलं नाही. तुमचं पत्र आलं त्याच्या पुढच्या मंगळवारी थंडीतल्या गोष्टी काढल्या. मुलं गेल्यावर वर्गात बसलो आणि एकेक टॅब घेतला. प्रत्येक गोष्टीला टॅब विचारतो की नक्की काढायची का. एकदा सांगून त्याचं समाधान होत नाही, पुढच्या गोष्टीला पुन्हा विचारतो. बोटाने कळ दाबली की काम होतं, बोलायची गरज नसते. पण मी दर वेळी हो म्हटलं. तोंडाने. व्हरांडा झाडणाऱ्या मावशी आत डोकावल्या, वर्गात कोण बोलतंय ते बघायला. मी एकटाच दिसलो तेव्हा त्या म्हणाल्या की साहेब, तुम्हाला आवाज आहे होय. मी त्यालाही हो म्हटलं.

उन्हाळ्यातल्या गोष्टी ठेवल्या आहेत. त्यात ही एका दमात वाचते.

घरातल्या कॉम्प्युटरमध्ये थंडीतल्या गोष्टींची एक प्रत आहे. ती मी ऐकत नाही. पुसतही नाही. तुमच्याजवळची सांभाळा.

गुडघ्याला जपा. माझा लोभ तुमच्याइतका बोलका नाही, पण आहे, आणि या पत्रात तो न गिळता लिहिला आहे.

आपला,
मेहुणा

ता. क. निघताना फौजदारने मला थांबवलं. मला वाटलं आता ती काका थँक्यू म्हणणार. तिने माझ्या छातीकडे बोट दाखवून सांगितलं की काका, तुमच्या सदऱ्याचं दुसरं बटण तुटलं आहे. घरी येऊन आरशात बघितलं तर खरंच नव्हतं, आणि दोरा बघता ते बऱ्याच दिवसांपासून नसावं. कपाटात सुयांचा डबा सापडला. निळ्या सदऱ्याला निळा दोरा नाही, पांढरा आहे. चालेल. खिडकीशी अजून उजेड आहे, तोवर सुई ओवून घेतो.